“माणूस सोडून काय आहे?”: रोलप्लेइंग गेममधल्या विचित्र वंशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी जेवणाची ताटं उचलली की आमच्या टेबलावर डाइस पडतात. रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, व्हायचं आणि बोलून, डाइस टाकून गोष्ट पुढे न्यायची. गेली नऊ वर्षं पडद्यामागे मीच बसतो, म्हणजे गोष्ट चालवणारा डीएम मीच. नवा गडी आला की पहिला चहा संपायच्या आत विचारतो, “यात एल्फ आणि ड्वॉर्फ सोडून काही नाही का?” एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, ड्वॉर्फ म्हणजे बुटके दाढीवाले, हे नेहमीचे वंश. पण बाकीचंही आहे, ढिगाने आहे. पण त्यातलं काय घ्यावं आणि काय घेऊन पस्तावायला होतं, हे प्रत्येकाला वेगळं समजावताना माझा घसा बसतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

विचित्र वंश म्हणजे नक्की कोणता? टिफ्लिंग धरायचा का?

आता धरत नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम आला तेव्हा खेळाडूला माणूस, ड्वॉर्फ, एल्फ आणि हॉबिट एवढेच पर्याय होते. त्यातला हॉबिटही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’वाल्या टोल्कीनच्या साहित्याचे हक्क असलेल्यांनी डोळे वटारल्यावर हाफलिंग झाला. टिफ्लिंग, म्हणजे ज्याच्या घराण्यात कुठल्यातरी पिढीत सैतान शिरलाय असा इसम, १९९४ मध्ये प्लेनस्केप या त्याच खेळाच्या एका जगातून आला तेव्हा खरोखर नवलाचा होता. २००८ मध्ये तो चौथ्या आवृत्तीच्या मुख्य नियमपुस्तकात, म्हणजे प्लेअर्स हँडबुकात, ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या ड्रॅगनबॉर्नशेजारी जाऊन बसला. २०२३ च्या बाल्डर्स गेट थ्री या कॉम्प्युटर गेमनंतर तर नव्या पाच खेळाडूंत दोघं टिफ्लिंगच मागतात. बिचाऱ्याची शिंगं आता कुणाला दिसतही नाहीत.

माझी कसोटी साधी आहे. कॅरेक्टरसमोर एक बंद दार ठेवायचं. माणूस जे करेल तेच हा शिंगवाला करणार असेल, म्हणजे कुलूप चाचपणार नाहीतर खांद्याने धक्का मारणार, तर ती शिंगं नुसती वेशभूषा. वेशभूषेला माझी ना नाही, शाळेच्या गॅदरिंगला आम्हीही कापसाच्या दाढ्या चिकटवल्यात. पण विचित्र म्हणायचं तर त्या शरीरामुळे दारासमोरचा निर्णय बदलला पाहिजे.

एकेकाळी चारच वंश होते ना? बाकीचं खूळ हल्लीचंच.

असं म्हणणाऱ्यांनी बहुधा जुनी पुस्तकं वाचलेली नसतात. १९७४ च्या पहिल्याच पुस्तिकेत लिहिलंय की खेळाडूला जवळपास काहीही व्हायला हरकत नाही, फक्त सुरुवात दुबळेपणाने करून वर चढावं लागेल. उदाहरण दिलंय तेही थेट ड्रॅगनचं: व्हायचंय ना, मग लहान वयाच्या ड्रॅगनपासून सुरू कर. पन्नास वर्षांत यापेक्षा शहाणा नियम मला कुणी दाखवलेला नाही. उलट मधल्या काळातच पुस्तकं आखडली. १९८१ च्या बेसिक संचात एल्फ हाच वंश आणि एल्फ हाच पेशा. एल्फ घेतलात की चोर होणं नाही, पुरोहित होणं नाही.

तुमचा सगळ्यांत आवडता वंश कोणता?

बदक. हसून घ्या.

१९७८ साली रुनक्वेस्ट हा खेळ आला. ग्रेग स्टॅफर्डने उभं केलेलं ग्लोरांथा हे त्याचं जग. त्या जगात बदकं आहेत: बुटकी, दोन पायांवर चालणारी, बोलणारी, हातात तलवार घेतलेली. त्यांच्या उत्पत्तीची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एक, ही मुळात माणसं होती आणि शापाने त्यांना पिसं आणि पडद्याचे पाय मिळाले. दुसरी, ही मुळात बदकंच होती. शापाने त्यांचं उडणं गेलं आणि वर अक्कल मिळाली. मला दुसरी पटते. अक्कल ही शिक्षा म्हणून देणारा देव मराठी माणसाला चटकन ओळखू येतो.

ही बदकं राहतात एका मोठ्या दलदलीच्या कडेला, आणि त्या दलदलीत डेलेक्टी नावाचा मांत्रिक मेलेल्यांना उठवून चालवत बसलाय. म्हणजे यांच्या शेजारीच मढी. म्हणून त्यांच्यातले बरेच जण हुमाक्त या मृत्युदेवाचे कडवे भक्त असतात. या देवाला मेल्यावर उठून चालणारं काहीही खपत नाही. विनोदी चोच आणि तोंडात शपथ मरणाची.

आमच्याकडे इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीने बदक घेतलं. तीन रविवार टेबलावर ‘क्वॅक क्वॅक’ सोडून कुणी तिच्याशी बोललं नाही. चौथ्या रविवारी पार्टी, म्हणजे सगळ्यांच्या कॅरेक्टरांचा गट, एका बुडालेल्या गढीपाशी पोचली. आत जायचं दार पाण्याखाली, पाणी काळं, आणि त्यात उभी प्रेतं, हलणारी. दोन चिलखतवाले एकमेकांकडे बघायला लागले. लोखंडासकट बुडणार हे त्यांना कळत होतं. तिने कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावरून, म्हणजे शीटवरून, मान वर न करता सांगितलं, “मी उतरते. तुम्ही काठावर थांबा. मी वर आले नाही तर माझी तलवार शोधू नका, ती देवाची आहे.” त्यानंतर दहा मिनिटं खोलीत फक्त डाइसचा आणि पंख्याचा आवाज होता. क्वॅक क्वॅक तिथे बंद झालं ते कायमचं.

रुनक्वेस्टमध्ये अजून काही?

मोरोकांथ. टेपीर नावाचा लोंबत्या नाकाचा जो प्राणी असतो, साधारण त्या चेहऱ्याचे. प्राक्सच्या माळरानावर सगळ्या टोळ्या जनावरं पाळतात, हे माणसं पाळतात. कथा अशी की वाहा नावाच्या देवाने दुष्काळात माणसं आणि जनावरं यांच्यात सोडत घेतली: जिंकेल त्याने पाळायचं, हरेल त्याने अक्कल गमावून गवत खायचं. इतर सगळ्या जोड्यांत माणूस जिंकला. मोरोकांथांच्या जोडीत मोरोकांथ जिंकले. बाकीच्या टोळ्या आजही म्हणतात की यांनी लबाडी केली.

वाचायला हे भन्नाट आहे. खेळायला घ्यायचं तर एकमेकांना चांगलं ओळखणारी मंडळी हवीत. आमच्याकडे एकाने घेतला तेव्हा पहिल्याच गावात शिरताना गल्लीतली दारं धडाधड बंद झाली. तिथे माझी कसोटी उलटीच झाली: दार बंदच मुळी याच्यामुळे.

थ्री-क्रीनला चार हात असतात. मग चार हल्ले?

नाही. दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतो, म्हणून पुन्हा: नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२२ च्या स्पेलजॅमर या अंतराळातल्या संचात या नाकतोड्याच्या जातकुळीतल्या इसमाचे दोन जादा हात लहान आहेत. त्यांनी वस्तू धरता येते, कडी काढता येते, हलकं शस्त्रही पेलता येतं, पण हल्ल्यांची संख्या वाढत नाही.

खरी गंमत आहे ती जुन्या डार्क सनमध्ये, १९९१ साल. अथास नावाचं करपून गेलेलं वाळवंटी जग, धातू दुर्मीळ, पाण्यासाठी खून. तिथला थ्री-क्रीन झोपत नाही आणि त्याला एल्फचं मांस रुचकर लागतं. सोबतीच्या कळपाशी मात्र तो प्राणापलीकडे इमानी. आता पार्टीत एक एल्फ आहे, रात्र आहे, आणि पहाऱ्यावर कोण? तोच, कारण झोपत नाही. आमच्या एल्फवाल्याने पहिल्या रात्री विचारलं, “मी तुझ्या कळपात आहे ना रे?” थ्री-क्रीन म्हणाला, “आज आहेस.” तो एल्फ पुढचे सहा सेशन मिळालेलं निम्मं अन्न त्याच्यापुढे सरकवत होता.

वॉरफोर्ज्डला मराठीत काय म्हणायचं: तो, ती की ते?

या पानावरचा सगळ्यांत चांगला प्रश्न.

आधी पार्श्वभूमी. २००२ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशक कंपनीने नव्या जगाच्या कल्पना मागवल्या, अकरा हजारांच्या आसपास प्रवेशिका आल्या, आणि त्यातून कीथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं. पुस्तक २००४ मध्ये आलं. वॉरफोर्ज्ड हे त्या जगाचं देणं. लाकूड, धातू आणि दगडाचे, पण जिवंत शिपाई. कॅनिथ घराण्याने त्यांना शंभर वर्षं चाललेल्या युद्धासाठी बनवलं. युद्ध संपलं, थ्रोनहोल्डचा तह झाला, त्यात या सगळ्यांना स्वातंत्र्य मिळालं आणि नवे घडवण्यावर बंदी आली. म्हणजे कालपर्यंत शस्त्रागारातल्या यादीत ज्याचा नंबर होता तो आज नागरिक आहे, आणि त्याला काय करावं हे कुणीच सांगत नाहीये. खाणंपिणं नाही, श्वास नाही, झोप नाही. विश्रांती म्हणजे सहा तास पुतळ्यासारखं उभं राहायचं, जागेपणी.

इंग्रजीत त्याला जनावरासारखं किंवा वस्तूसारखं ‘इट’ म्हणता येतं आणि तो स्वतः ‘मी’ म्हणून मोकळा होतो. मराठीत सुटका नाही. ‘मी आलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी आले’ म्हटलं की बाई, ‘मी आलं’ म्हणायला जीभ वळत नाही. वॉरफोर्ज्डला तर लिंगच नाही. आमच्या एका गड्याने यावर जो तोडगा काढला तो मला आजवर कुठल्याही नियमपुस्तकात दिसलेला नाही. त्याने ठरवलं की आपलं कॅरेक्टर स्वतःचं लिंग उघड करणारं एकही क्रियापद वापरणार नाही. मराठीत हे जमतं! भविष्यकाळ मोकळा आहे: ‘मी येईन, मी थांबेन.’ ‘मी दार उघडलं’ यातलं क्रियापद दारामागे जातं, बोलणाऱ्यामागे नाही. ‘मला दिसतंय’, ‘मला ठाऊक आहे’ हेही चालतं. त्यामुळे त्याचं बोलणं सगळं पुढे काय करणार आणि हातून काय झालं एवढ्यावरच. आला, गेला, बसला, रडला असलं काही नाहीच. ऐकायला ते बरोबर यंत्रासारखं वाटायचं आणि तरी एक शब्द चुकीचा नव्हता.

सराईतली माणसं त्याला ‘ते’ म्हणायची. ‘ते बाहेर ठेवा.’ पार्टीतले ‘तो’ म्हणायचे, सवयीने. तीन महिने हे चाललं. मग एका पुलावर आमची हाफलिंग खाली पडत होती आणि त्याने डाइस टाकता टाकता ओरडून सांगितलं, “धर, मी आलो!” टाकून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं. मी विचारलं, “मागे घ्यायचंय का?” त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “नाही. राहू दे.” त्या पुलानंतर तो ‘तो’ झाला.

प्लाझ्मॉइड दाराखालच्या फटीतून जातो म्हणे?

जातो. लगद्यासारख्या अंगाच्या या वंशाला एक इंचाची फट पुरते. पण नियमाचं पुढचं अर्धं वाक्य कुणी वाचत नाही: अंगावर आणि हातात काहीही नसेल तरच.

आमच्या प्लाझ्मॉइड चोराने ते तुरुंगाच्या दारात शिकून घेतलं. ऐटीत सांगितलं, “मी खालून सरकतो, आतून कडी काढतो.” मी म्हटलं, “सुरा?” “घेऊन.” “नाही.” “चिलखत?” “नाही.” “निदान किल्ल्या तरी?” “नाही रे बाबा.” मग त्याचा सगळा संसार दाराबाहेर एका ढिगात राहिला आणि आत, पत्ते खेळणाऱ्या चार पहारेकऱ्यांच्या समोर, फरशीवरून एक निळसर लगदा वर आला आणि माणसाच्या आकारात उभा राहिला, विवस्त्र आणि निःशस्त्र. एक पहारेकरी म्हणाला, “मोरी तुंबली वाटतं.” तेवढ्या वेळात त्याने दहा फूट लांब जाणारा आपला छद्मपाद, म्हणजे अंगातूनच काढलेला हात, कडीकडे पाठवला. सुटला. पण थोडक्यात.

याचं मूळ १९८२ च्या स्टार फ्रंटियर्स या अंतराळाच्या खेळातल्या ड्रॅलासाइटमध्ये आहे. तो खेळ बंद पडला, लगदा मात्र टिकला. प्लाझ्मॉइडच्याच २०२२ च्या स्पेलजॅमर संचातल्या माकडासारख्या हॅडोझीचं मूळही तिथलंच, पण त्याच्या गुलामगिरीच्या पार्श्वकथेवर २०२२ मध्ये एवढी टीका झाली की प्रकाशकांनी माफी मागून तो मजकूर काढून टाकला. पार्श्वकथा लिहिताना आपण कुणाचं चित्र काढतोय हे बघावं लागतं.

मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. केंकू घेऊ का? त्याला बोलावंच लागत नाही.

उलट आहे. केंकूइतकी मेहनत कुणालाच पडत नाही.

२०१६ च्या पुस्तकातला केंकू म्हणजे कावळ्यासारखा शापित पक्षी: पंख गेले, स्वतःचा आवाज गेला. तो फक्त ऐकलेले आवाज आणि वाक्यं जशीच्या तशी काढू शकतो. २०२२ च्या सुधारित पुस्तकात हा बोलण्याचा निर्बंध काढला आणि केंकू गुळगुळीत झाला. माझ्या टेबलावर जुनाच चालतो.

आमच्या केंकूवालीने एक दोनशे पानी वही केली. सेशनमध्ये कुणीही काही बोललं की ती लिहून घेणार, आणि बोलायची वेळ आली की वहीतलंच वाक्य वापरणार. तिसऱ्या सेशनपासून खरी धमाल आली. खानावळवाल्याच्या तोंडी मी सहज टाकलेलं “आज रोख, उद्या उधार” हे वाक्य तिने दोन महिन्यांनी ड्रॅगनच्या गुहेत वापरलं. ड्रॅगन म्हणत होता, खजिन्यातलं काहीही घ्या, मोबदल्यात भविष्यात एक काम करा. केंकूने पान उलटलं आणि खानावळवाल्याच्या आवाजात, त्याच हेलात, सांगितलं, “आज रोख, उद्या उधार.” ड्रॅगनला मी हसवलं, कारण मला स्वतःला हसू आवरेना.

लाजाळू माणसाला हे जमतं का? जमतं, पण वेगळ्या कारणाने. वाक्य शोधायची सबब मिळाली की विचार करायला वेळ मिळतो. ज्याला पाठांतराचा किंवा लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने मात्र लांब राहावं.

पहिल्यांदाच खेळतोय. सोपा पण जरा हटके?

टॉर्टल. कासव. १९८५ पासून डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहे, पाचव्या आवृत्तीत २०१७ पासून. पाठीचं कवच हेच चिलखत, आर्मर क्लास, म्हणजे मार चुकवण्याचा आकडा, थेट १७, वेगळं चिलखत घालताच येत नाही, म्हणजे सोळा पानं खरेदीची यादी वाचणं वाचलं. जिवावर बेतलं की कवचात शिरायचं, अजून चारने वाढतो. फक्त आत असताना हलता येत नाही आणि बाहेर येण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही. आयुष्य साधारण पन्नास वर्षांचं, त्यामुळे तो घाईत जग बघायला निघतो. घाईतलं कासव ही कल्पनाच मला आवडते.

हत्तीसारखा लॉक्सोडॉनही (२०१८, रॅव्हनिकाच्या पुस्तकात) सोपा आहे. सोंडेने दोर धरता येतो, पण तलवार नाही. पहिल्या सेशनला कुणीतरी “मोरया” म्हणणारच. एकदा म्हणू द्यावं.

उडणारा आराकोक्रा का देत नाही?

पहिल्या लेव्हललाच उडता आलं की माझे खड्डे, दऱ्या, तुटके पूल आणि कडे सगळे फुकट जातात. २०१५ च्या नियमात तर तो पन्नास फुटांच्या वेगाने उडत होता. नंतर तो वेग चालण्याच्या वेगाइतका केला. तरी नाही. पाचव्या लेव्हलनंतर बोलू.

होल्ड पर्सन हा मंत्र माझ्या सेंटॉरवर चालतो का?

२०१४ च्या नियमांनी नाही. जागच्या जागी खिळवणारा तो मंत्र ह्युमनॉइडवर, म्हणजे माणसासारख्या जिवांवर चालतो, आणि अर्धा घोडा अर्धा माणूस असा सेंटॉर फे, म्हणजे परीलोकातल्या जिवांच्या, गटात येतो. पण शिडी चढताना प्रत्येक फुटाला चार फूट जादा खर्च होतात हेही लक्षात ठेवा. माझ्या तुरुंगांत शिड्या बऱ्याच असतात.

‘रेस’ला मराठीत काय म्हणता? जात?

एकदाच म्हटलं होतं. नवीन मुलगा कॅरेक्टर शीट भरत होता आणि मी अनवधानाने विचारलं, “तुझी जात कोणती ठरवलीस?” टेबलावरचे सगळे एकदम गप्प झाले. त्याने पेन खाली ठेवलं. मला काय विचारायचं होतं ते कळायला त्याला दोन सेकंद लागली, आणि त्या दोन सेकंदांत त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. तो शब्द त्या दिवसापासून आमच्याकडे बंद.

इंग्रजीतही हा वाद झालाच. पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रेस’ सोडून पूर्वजांकडे बोट दाखवणारा शब्द घेतला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सने २०२२ च्या डिसेंबरात बदल जाहीर केला आणि २०२४ च्या हँडबुकात ‘स्पीशीज’ आलं. आम्ही तोंडी ‘वंश’ म्हणतो, शीटवर ‘प्रजाती’ लिहितो. एका काकांनी चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा दाखला देऊन ‘योनी’ सुचवलं होतं. शास्त्राला धरून आहे, पण टेबलावर सोळा वर्षांची पोरं असतात हो.

आपल्याकडचं काही आहे का त्या पुस्तकांत?

आहे, आणि बघून हसावं की रडावं कळत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा राक्षस १९७५ पासून आहे. वाघाचं डोकं, अंगात रेशमी झगा, आणि जुन्या नियमांत मरायचा कशाने, तर मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. रामायणात क्रॉसबो कुठून आला? गायगॅक्सने तो घेतला शिकागोत घडणाऱ्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागातून. राक्षस आपला, मारायचा उपाय शिकागोचा.

पाथफाइंडर जरा बरं वागलंय. त्यांच्या गोलारियन या जगात भारतावरून बेतलेला वुद्रा नावाचा प्रदेश आहे, आणि २०२२ च्या इम्पॉसिबल लँड्स या पुस्तकात नागजी, वानर आणि विषकन्या हे खेळण्याचे वंश आहेत. विषकन्या हा वंश मला आवडतो. मुद्राराक्षस या संस्कृत नाटकात राक्षस नावाच्या अमात्याने चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. तिथे ती एक हत्यार आहे, तिला बोलायला एक वाक्य नाही. इथे कॅरेक्टर शीट तिचं आहे आणि कुणाला शिवायचं हे ती ठरवते.

त्याच पुस्तकात घोरान आहेत. वनस्पतीपासून झालेले लोक. दुष्काळात माणसांना खायला मिळावं म्हणून निसर्गाची जादू करणाऱ्या एका ड्रुइडने त्यांना बनवलं, ते चविष्ट निघाले, आणि कालांतराने शहाणे झाले. आपण कुणाचं तरी जेवण म्हणून जन्मलो हे ठाऊक असलेला माणूस मेजवानीच्या दारात उभा राहून काय विचार करेल? हे कॅरेक्टर आमच्याकडे अजून कुणी घेतलेलं नाही. वाट बघतोय.

लेशी म्हणजे तो भोपळा ना?

भोपळाही असतो. निसर्गातला आत्मा वनस्पतीच्या शरीरात बसवला की पाथफाइंडरमधला लेशी. नाव स्लाव्ह लोककथांतून आलंय. पान, वेल, बुरशी, निवडुंग, हवं ते घ्या. भोपळ्याच्या पोकळ डोक्यात सामान ठेवता येतं, त्यामुळे आमच्याकडे तो आत शिरताना सगळे मिळून “चल रे भोपळ्या टुणुक टुणुक” म्हणतात. सूर्यप्रकाशावर जगणारा लेशी आठवडाभर अंधारात राहिला की उपाशी पडू लागतो. भुयारात हा हिशेब फार लवकर अंगावर येतो.

घरी बनवलेला वंश चालेल का?

चालेल, पण आधी अडचण सांगा, ताकद नंतर. लोक नेमकं उलट करतात: उडतो, अदृश्य होतो, आगीने जळत नाही, आणि अडचण काय तर ‘थोडा रागीट आहे’.

आमच्या टेबलावर सगळ्यांत चांगला उतरलेला घरगुती वंश म्हणजे मुंजा. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला की तो पिंपळावर मुंजा होऊन बसतो, हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक. आमच्या मुंजाला झाड सोडून जाता येईना, तर गड्याने पिंपळाचं रोप कुंडीत लावलं आणि कुंडी पाठीला बांधायला एक हमाल ठेवला. नियम ठरला: कुंडीपासून तीस फुटांपलीकडे मुंजा विरघळतो. भिंतीतून तो जातो, कुंडी जात नाही. त्यामुळे प्रत्येक बंद दारापाशी एकच चर्चा: भिंतीपलीकडे तीस फुटांत काय असेल, आणि मागे कुंडी कोण सांभाळणार? शत्रूंना हे कळलं तेव्हा त्यांनी मुंजाकडे लक्षच दिलं नाही, सरळ हमालाला गाठलं. आता पार्टीतला सगळ्यांत जास्त हिट पॉइंटवाला, म्हणजे सगळ्यांत जास्त मार सोसणारा, योद्धा रोपाला पाणी घालतो.

कोकण-गोव्याकडच्या एकाने देवचार मांडलाय: गावाच्या शिवेच्या आत अजिंक्य, शिवेबाहेर साधा म्हातारा. अजून तपासतोय. तो शिवेबाहेर पडायलाच तयार नाही, आणि साहस सगळं बाहेर आहे.

पुस्तकं महाग पडतात. फुकट काही?

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम, त्यातल्या सगळ्या वंशांसकट, आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर प्रकाशकांच्या परवानगीने मोफत वाचता येतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियमही २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुले आहेत, पण त्यात नेहमीचेच वंश. लगदा आणि नाकतोडा विकतच घ्यावे लागतात.

पाचही जणांनी विचित्रच घेतलं तर?

एकदा केलं. लगदा, कासव, केंकू, वॉरफोर्ज्ड आणि मुंजा. पहिल्या गावात पाऊल टाकलं आणि दोन तास फक्त गावकरी किंचाळत होते. आता किमान एक माणूस लागतो. तो कंटाळवाणा असला तरी चालेल, दार ठोठावायला कुणीतरी हवंच.

‘गिफ’ म्हणायचं की ‘जिफ’?

पाणघोड्याच्या डोक्याचे, बंदुकांचे वेडे, १९८९ पासून स्पेलजॅमरमध्ये फिरणारे. २०२२ च्या पुस्तकात गंभीर चेहऱ्याने लिहिलंय की यावरून त्यांच्यातच दोन तट आहेत. आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी हा वंश घेतला, एक गिफ आणि एक जिफ. शत्रू तिसऱ्या खोलीत वाट बघत होता, दार उघडंच होतं. हे दोघं पिस्तुलं उपसून ओसरीतच थांबले. चहा दोनदा झाला.